अदमासाची वही: गुणाकार मार्गी लागला, भागाकार सुरू

बँक अधिकारी पदासाठी आयबीपीएस घेत असलेल्या पूर्वपरीक्षेत गणिताचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद मिळतात, कॅलक्युलेटर नसतो आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. त्या परीक्षेचे माझे वय केव्हाच उलटून गेले आहे, पण तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका कागद न वापरता सोडवण्याचा छंद मात्र टिकून आहे.

ॲप्रॉक्सिमेशनचे, म्हणजे ढोबळ उत्तर काढायचे सरळ प्रश्न आता विशेष वेळ घेत नाहीत. १५९९.८ चे २४.९७ टक्के अधिक ३३.०८ गुणिले १४.९६, असे काही दिसले की ४०० आणि ४९५ मिळून ८९५ हे उत्तर वाचतानाच तयार होते. हे आकडे मुळात पूर्णांकाच्या काठावर मुद्दाम बसवलेले असतात, त्यामुळे त्यात कौशल्य फारसे नाही. खरी कसोटी डीआयच्या (डेटा इंटरप्रिटेशन, म्हणजे दिलेली आकडेवारी वाचून सोडवायच्या प्रश्नांच्या) तक्त्यांत लागते, कारण तिथले आकडे कोणाच्या सोयीसाठी निवडलेले नसतात.

गुणाकारात एक संख्या वर ढकलली तर दुसरी खाली ओढायची, हे अंगवळणी पडले आहे. ४८७ × ६१३ साठी ५०० × ६०० धरले तर ३,००,००० येतात. खरे उत्तर २,९८,५३१ आहे आणि फरक अर्ध्या टक्क्याचा आहे. भागाकारात मात्र हीच सवय घात करते. ४८७ ला ६१३ ने भागताना ५००/६०० धरले तर ०.८३३ येते, खरे उत्तर ०.७९४ असते, कारण इथे दोन्ही चुका एकाच बाजूला साचत जातात. भागाकारात दोन्ही संख्या एकाच दिशेने आणि सारख्याच टक्क्यांनी हलवाव्या लागतात: ६१३ चे ६०० करताना सुमारे दोन टक्के गेले, म्हणून ४८७ मधूनही दहा काढावेत; ४७७/६०० म्हणजे ०.७९५. सध्याचा बहुतेक सराव याच एका गोष्टीचा आहे, आणि हात बसायला अजून वेळ लागेल असे दिसते.

वाढीचे टक्के काढताना भागाकार टाळता आला तर उत्तमच. विक्री २८४७ वरून ३३९१ झाली, तर वाढ ५४४. २८४७ चा पाचवा हिस्सा ५६९, म्हणून उत्तर २० टक्क्यांहून थोडे कमी. पर्याय १५, १९, २४, २८ असे असतील तर इथेच थांबावे, १८.६ आणि १९.१ असे शेजारी असतील तरच ५६९ ला कमी पडणारे २५ मोजायला घ्यावेत. म्हणून मी आधी पर्याय वाचतो आणि त्यांच्यातले अंतर पाहून किती ढोबळ राहायचे ते ठरवतो. पूर्वीच्या शाळांतून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीपर्यंतचे (साडेतीनपर्यंतचे) अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. माझ्यासाठी ते काम एक-सप्तमांश म्हणजे १४.२८ टक्के, एक-अकरांश म्हणजे ९.०९ टक्के, ही यादी करते.

वर्गमुळाकडेही वळलो आहे. २११० चे मूळ काढताना ४५ चा वर्ग २०२५, उरले ८५, त्याला ४५ च्या दुपटीने, म्हणजे ९० ने भागून ४५ मध्ये मिळवले की ४५.९४, खरे ४५.९३ च्या किंचित पुढे आहे. या रीतीने आलेले उत्तर नेहमी थोडे जास्तच असते, आणि दोन पर्यायांत अडकल्यावर नेमकी हीच माहिती उपयोगी पडते.

काही प्रकार मी अदमासातून वगळले आहेत. बाकी किंवा एकक स्थानचा अंक विचारला असेल तर ढोबळपणा निरुपयोगी ठरतो, आणि २० टक्के वाढ व मग २० टक्के घट यांत हरवणारे ४ टक्के नजरेच्या अंदाजाला दिसत नाहीत. चक्रवाढ व्याज मात्र बरेच आटोक्यात आले आहे: दर साल ८ टक्क्यांनी दोन वर्षांचे १६ अधिक ०.६४, आणि ७२ ला ८ ने भागून दामदुप्पट ९ वर्षांत. पुढच्या नोंदीपर्यंत वर्तुळालेखाचे अंश आणि टक्के, म्हणजे दर टक्क्याला ३.६ अंश, हे भागाकाराच्या सरावाला जोडून घेणार आहे.