रिकामी कुंडी रिकामी नसते

काळी मुसळी ही रानातली छोटी औषधी वनस्पती फुलली की पाहायला वाकावं लागतं. पाऊस सुरू झाला की कंदातून घडीदार पानं वर येतात, ताडाच्या कोवळ्या रोपासारखी. त्यांच्या बुडाशी, मातीला जवळजवळ टेकूनच, सहा पाकळ्यांचं जेमतेम इंचभर पिवळंधमक फूल उमलतं. फुलाचा दांडा म्हणून जो दिसतो, तो खरं तर दांडा नाहीच. बीजकोश जमिनीखाली पानांच्या बेचक्यात दडलेला असतो आणि त्याचीच लांब सोंड फुलाला वर उचलून धरते. त्यामुळे फळही मातीतच धरतं. चिवटपणे उकरून पाहिलं तर आत काळ्या चकचकीत बिया सापडतात.

कुंडी खोल हवी, कारण कंद सरळ खाली जातो. माती भुसभुशीत, पाणी न साठणारी. ऊन गाळून आलेलं चालतं. झाडाखालची जागा तिला उलट आवडतेच. खताचे लाड नकोत.

रोपं वाढवायला मी बियांच्या नादी लागत नाही, त्या उगवायला फार आढेवेढे घेतात. पानाचं टोक ओल्या मातीवर टेकवून वर छोटा खडा ठेवायचा. टोकालाच मुळं फुटतात, इवलंसं रोप तयार होतं. कंदाचा डोळा असलेला तुकडा लावला तर तोही रुजतो, पण मला ते कापणं जिवावर येतं.

खरी परीक्षा पावसाळ्यानंतर. पानं पिवळी पडतात, वाळतात आणि वर काहीच उरत नाही. सासूबाई दरवर्षी विचारतात, "अगं, ही मेलेली कुंडी अडवून कशाला ठेवलीस? झेंडू तरी लाव." मी म्हणते, "आई, ती झोपलीय." कोरड्या दिवसांत पाणी जवळजवळ बंदच ठेवते. झोपेतल्या कंदाला रोज पाणी घातलं तर तो कुजतो.

एक मात्र आग्रहाने सांगते: रानातून उपटून आणू नका. औषधी म्हणून हिचे कंद इतके खणले गेलेत की पूर्वी दिसायची अशा कित्येक जागी आता ती दिसत नाही. कंद काढला की झाडच संपलं. रोप ज्याने स्वतः वाढवलंय त्याच्याकडूनच घ्या. माझ्याकडे कोणी मागितलं तर मी देते, पण उन्हाळ्यात कुंडी उकरून बघणार नाही एवढं कबूल करून घेते.