रेफरन्समध्ये कोणाचं नाव द्यायचं?

आमच्या बडोद्यात एक म्हण सगळ्यांच्या तोंडी असते, ओळखाण मोटी खाण छे. ओळख म्हणजे मोठी खाण. मराठी घरातसुद्धा ती गुजरातीतच म्हणतात, आमचे बाबा तर गॅसचा नंबर लावायचा असो की शाळेची ॲडमिशन, ही म्हण म्हटल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. मागच्या वर्षी नोकरी बदलताना मी याच म्हणीच्या भरवशावर रेफरन्स दिले आणि हातातोंडाशी आलेली ऑफर तीन आठवडे लटकली. तेव्हापासून यावर लिहायचं मनात होतं, कारण आजूबाजूला बघते तर नोकरी शोधणारी मुलं रिझ्युमेवर रात्र रात्र घालवतात, आणि फॉर्मच्या शेवटी रेफरन्सचे, म्हणजे आपल्या कामाबद्दल ज्यांना फोन करून विचारता येईल अशा माणसांचे, ते दोन चौकोन असतात ना, नाव, हुद्दा, मोबाइल, ऑफिशियल ईमेल, ते दोन मिनिटांत भरून सबमिट करून मोकळी होतात.

मी ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमध्ये आहे. बडोद्यात आणि आजूबाजूला ट्रान्सफॉर्मरचे कारखाने भरपूर, मकरपुऱ्याला एर्डासारखी टेस्टिंगची मोठी संस्था, त्यामुळे आमच्या लाइनमध्ये कोण कुठे आहे हे साधारण सगळ्यांना माहीत असतं. तरीही मी पहिलं नाव दिलं ते बाबांच्या मित्राचं. काका वीज खात्यातून मोठ्या पोस्टवरून रिटायर झालेले, नाव वजनदार, मला वाटलं हे नाव बघूनच काम होईल. दुसरं नाव दिलं माझ्या आधीच्या मॅनेजरचं, जे दोन वर्षांपूर्वी आमची कंपनी सोडून गेले होते, आणि त्यांना मी विचारलंही नव्हतं, म्हटलं चांगले संबंध आहेत, त्यात काय विचारायचं.

कंपनीसाठी रेफरन्स तपासणाऱ्या एजन्सीकडून काकांना फोन गेला. ते बिचारे भरभरून बोलले, मुलगी आमच्या घरच्यासारखी आहे, लहानपणापासून बघतोय, संस्कार चांगले आहेत. समोरच्या मुलीने विचारलं, तुम्ही यांचं काम कधी सुपरवाइज केलंय का? काका म्हणाले, नाही. संपलं. त्यांचा काही दोष नाही, त्यांनी खरं तेच सांगितलं. मॅनेजरांना ईमेल गेला तो त्यांच्या जुन्या कंपनीच्या आयडीवर, कारण माझ्याकडे तोच होता, तो परत आला. मग फोन गेला, ते नेमके कस्टमरच्या साइटवर, म्हणाले हो होती माझ्याकडे, २०२० मध्ये आली बहुतेक. मी फॉर्ममध्ये सप्टेंबर २०१९ लिहिलं होतं. झालं, तारखा जुळत नाहीत म्हणून फाइल बाजूला. शेवटी पीएफच्या रेकॉर्डवर, यूएएन म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, जॉइनिंगची तारीख बरोबर होती म्हणून ती शंका मिटली, पण एचआरने स्पष्ट कळवलं की रेफरन्स नवीन द्या आणि ज्यांनी तुमचं काम प्रत्यक्ष बघितलंय अशांचेच द्या.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो. वशिला म्हणजे कोणीतरी आतून शब्द टाकणं. रेफरल म्हणजे त्या कंपनीतल्या माणसाने तुमचा रिझ्युमे पुढे सरकवणं, त्याचा त्याला कधी कधी बोनसही मिळतो. आणि रेफरन्स म्हणजे साक्षीदार. त्याने तुम्हाला काम करताना बघितलेलं असायला पाहिजे, बस. त्याचा हुद्दा मोठा असेल तर ठीक, पण बघितलंच नसेल तर त्या हुद्द्याचा काही उपयोग नाही. फोनवर विचारतात तरी काय, तर किती वर्षं एकत्र होता, कोणत्या नात्याने, कामात कशी आहे, प्रेशर आलं की कशी वागते, कुठे सुधारायला हवं, आणि सगळ्यात शेवटी, पुन्हा संधी मिळाली तर घ्याल का. या शेवटच्या प्रश्नाला समोरचा माणूस दोन सेकंद थांबला तरी ते ऐकणाऱ्याला कळतं.

मग मी वही घेऊन बसले आणि गेल्या आठ वर्षांत माझं काम जवळून बघितलेली माणसं लिहून काढली. नावं निघाली सहा. त्यातल्या एकांना फोन केला, ते मोठे हेड होते, त्यांना सरळ विचारलं की माझ्याबद्दल मोकळेपणाने चांगलं बोलता येईल का. ते म्हणाले, बघू ने, आपी देजे नंबर. नंबर देऊन टाक म्हणाले खरे, पण त्या ‘बघू ने’मध्ये जो गारवा होता तो मी ऐकला आणि त्यांचं नाव खोडलं. हे मी सगळ्यांना सांगेन, प्रश्न ‘तुमचं नाव देऊ का’ असा विचारायचा नाही, त्याला कोणीही भिडेखातर हो म्हणतं. ‘चांगलं बोलता येईल का, नसेल तर स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही’ असं विचारायचं, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला वाट राहते.

दुसरं नाव होतं माझ्या पहिल्या कंपनीतल्या टेस्टिंगच्या सरांचं. आता रिटायर झालेत, दांडिया बाजारात राहतात. फोनवर नको म्हणून रविवारी लीलो चिवडा घेऊन घरीच गेले. पाच वर्षांनी भेटत होतो. मी म्हटलं सर, तुम्हाला माझं काम आठवतंय का? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, तेलाचा तो कप आठवतोय.

झालं होतं असं की डिस्पॅचचा दिवस होता, ट्रक गेटवर उभा, आणि मी तेलाची बीडीव्ही, म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेजची टेस्ट, घेत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा नमुना एका कपात घेतात, आत समोरासमोर दोन इलेक्ट्रोड, मधलं अंतर बरोबर अडीच मिलिमीटर, व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं आणि ठिणगी कधी पडते ते बघायचं, असे सहा रीडिंग घेऊन सरासरी. तेलात ओल किंवा कचरा असेल तर ठिणगी लवकर पडते. माझे पहिले दोन रीडिंग खूपच खाली आले, पुढचे चार व्यवस्थित. डिस्पॅचवाले म्हणत होते पहिले दोन सोडून दे, बाकीचे चांगले आहेत ना. मी सही केली नाही. कप त्याच तेलाने दोनदा विसळला, गेज लावून अंतर परत तपासलं, नवीन नमुना घेतला, बुडबुडे बसेपर्यंत थांबले आणि सहाच्या सहा परत घेतले. सगळे चांगले आले. ट्रक दीड तास उशिरा गेला. सर तेव्हा दारात उभे होते आणि काही बोलले नव्हते, मला वाटलं होतं रागावलेत. रविवारी म्हणाले, मी तेव्हाच ठरवलं होतं की हिच्या सहीवर मी डोळे मिटून सही करेन.

हे ऐकून मला भरून आलं, खरंच. आणि कळलं की असं बोलणारा एक माणूस पाहिजे. ‘मेहनती आहे, प्रामाणिक आहे’ हे तर कोणाबद्दलही म्हणता येतं.

चहा झाल्यावर सर म्हणाले, बडोद्याला भलामणीचा इतिहास आहे, तुला माहीत आहे ना. भलामण हा शब्द आमच्याकडे अजून जिवंत आहे, गुजरातीतही तोच. त्यांनी केळुस्कर गुरुजींची गोष्ट सांगितली. बाबासाहेब १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, पुढच्या कॉलेजला पैसे कमी पडायला लागले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची स्कॉलरशिप मिळाली. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले तेही बडोद्याच्याच स्कॉलरशिपवर. सर म्हणाले, गुरुजींकडे अधिकार कसला होता? त्यांनी तो मुलगा चर्नी रोडच्या बागेत बसून वाचताना रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, आणि महाराजांनीही नुसत्या शब्दावर न जाता मुलाला समोर बसवून प्रश्न विचारले. मला हे फार पटलं. कामाटीबागेत लहानपणापासून शंभरदा गेले असेन, बाबासाहेबांच्या संकल्पभूमीजवळून गेले असेन, पण या बाजूने कधी विचार केला नव्हता.

मग सरांनी एक गोष्ट आधीच सांगून टाकली. सुधारणा काय हवी असं विचारलं तर मी सांगणार की रिपोर्ट लिहायला वेळ लावते, खोटं बोलणार नाही. मला क्षणभर लागलं. पण ते खरं होतं, आणि मी म्हटलं सांगा सर, फक्त हेही सांगा की तुम्ही तेव्हा मला टेम्प्लेट बनवायला लावलं होतं आणि मी ते अजून वापरते. ते हसले, म्हणाले हे मला माहीतच नव्हतं. म्हणून म्हणते, बोलून घ्या. आपण पुढे काय शिकलो ते जुन्या साहेबांना कळणार कसं?

घरी येऊन मी त्यांना मेसेज टाकला, तो तसाच्या तसा देते, कोणाला उपयोगी पडला तर बरंच.

‘सर नमस्कार. आज बोललो त्याप्रमाणे तुमचं नाव आणि नंबर कंपनीला दिलाय. पोस्ट सीनियर इंजिनीअर, टेस्टिंग. या आठवड्यात एजन्सीकडून फोन येईल, नंबर अनोळखी असेल, प्लीज उचला. मी तुमच्याकडे जून २०१६ ते ऑगस्ट २०१९ होते, आधी ट्रेनी, २०१८ पासून इंजिनीअर. त्यांना मुख्य रूटीन टेस्ट, तेलाच्या टेस्ट आणि कस्टमर इन्स्पेक्शनबद्दल विचारायचं असेल. सोडण्याचं कारण मी पगार आणि घराजवळची नोकरी असं दोन्ही लिहिलंय. दुपारी तुम्ही आराम करता म्हणून सकाळी १० ते १२ ही वेळ त्यांना कळवलीय.’

अनोळखी नंबरचं मुद्दाम लिहिलं, कारण हल्ली लोन आणि क्रेडिट कार्डच्या फोनला कंटाळून कोणी असे फोन उचलतच नाही, आणि दोनदा उचलला नाही की एजन्सीवाले ‘संपर्क झाला नाही’ लिहून मोकळे.

दुसरा रेफरन्स म्हणून तेच जुने मॅनेजर परत दिले, पण यावेळी आधी फोन करून माफी मागितली, तारखा पाठवल्या आणि त्यांच्या नव्या कंपनीचा ऑफिशियल आयडी घेतला, बहुतेक ठिकाणी जीमेल चालत नाही. तेव्हाच्या साहेबांचं नाव मात्र दिलं नाही. ऑफर लेखी हातात नसताना चालू कंपनीत फोन जाणं म्हणजे घरचं आणि दारचं दोन्ही गमावण्याची वेळ, आणि एचआरला तसं नम्रपणे सांगितलं की ते समजून घेतात.

रिझ्युमेवर रेफरन्सचे नंबर छापू नका. तो रिझ्युमे पोर्टलवर जातो, तिथून कुठे कुठे जातो आपल्याला कळत नाही, दुसऱ्याचा मोबाइल नंबर असा वाटायचा हक्क आपल्याला नाही. शेवटचा राउंड झाला, त्यांनी मागितले, तेव्हाच द्यायचे. एका माणसाला दहा ठिकाणी गुंतवायचं नाही, चौथ्या फोनला त्याचाही उत्साह संपतो. फ्रेशर असाल तर प्रोजेक्ट गाइड किंवा इंटर्नशिपचे सुपरवायझर. इथे कलाभवनला, म्हणजे आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजला, शिकणारी मुलं विभागप्रमुखांचं नाव टाकतात, ज्यांच्या वर्गात ते शेवटच्या बाकावर बसायचे. त्यापेक्षा लॅबमध्ये तुमच्यासोबत संध्याकाळपर्यंत थांबलेले असिस्टंट प्रोफेसर कितीतरी चांगले. आणि कॅनडाच्या पीआरसाठी जे ‘रेफरन्स लेटर’ मागतात ते प्रकरण वेगळंच आहे, ते कंपनीच्या लेटरहेडवर, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार सगळं लिहिलेलं लागतं, त्यात या फोनची गल्लत करू नका.

सरांना फोन बुधवारी गेला. त्यांनी मला लगेच कळवलं, अठरा मिनिटं बोलले, कपाची गोष्ट सांगितली, तिकडची मुलगी म्हणाली सर ही बीडीव्ही म्हणजे नक्की काय, तर तेही समजावलं. सोमवारी माझं लेटर आलं. पहिला फोन घरी केला, दुसरा सरांना. नसतं मिळालं तरी केला असता, त्यांनी आपल्यासाठी सकाळ मोडली होती, निकाल कळायचा हक्क त्यांचाही आहे. बाबांच्या मित्राकडेही पेढे घेऊन गेले, त्यांना मी उगाच अवघड जागी बसवलं होतं, तसं सांगितलंही.

गणपतीत सरांकडे दर्शनाला जाऊन आले. ते आता थोडे दिवस मुलाकडे पुण्याला जातायत, नंबर हाच ठेवणार म्हणालेत. या रविवारी फोन करायचाय, कामाचं काही नाही, आमच्या नव्या लॅबमध्ये ऑटोमॅटिक सेट आलाय, सहा रीडिंग आपोआप घेतो आणि छापूनही देतो, पण कप अजून हातानेच विसळावा लागतो, हे त्यांना सांगायचंय.