सॉफ्टवेअर घेतलं, मग मशीनवर जुनं ड्रॉइंग कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून. "डॉक्युमेंट कंट्रोलसाठी सॉफ्टवेअर बसवलं, तरी ऑडिटरला मशीनवर ड्रॉइंगचं जुनं रिव्हिजन (आवृत्ती) सापडलं. मग पैसे कशाला घातले?"

सॉफ्टवेअर फाइल सांभाळतं. मशीनच्या दाराला चिकटवलेला कागद त्याला दिसत नाही.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातलं उदाहरण घ्या. ग्राहकाने 12 मिमी बोअरचा (भोकाचा) टॉलरन्स, मापात चालणारी सूट, एच8 वरून एच7 केला, म्हणजे वरची मर्यादा 12.027 वरून 12.018 वर आली. नवं ड्रॉइंग सिस्टिममध्ये चढलं, मंजुऱ्या झाल्या, मेल गेले, मास्टर लिस्टवर, म्हणजे चालू कागदांच्या यादीवर, रिव्हिजन 04 लागलं. मशीनवर मात्र लॅमिनेट केलेलं 03, कूलंटने पिवळं पडलेलं, 'कंट्रोल्ड कॉपी'चा लाल शिक्का ठसठशीत. सेटरने त्यावरूनच सेटिंग केलं. ट्रेमधला भोक तपासायचा प्लग गेजही एच8चाच. बोअर 12.022 आलं, गेजची नो-गो बाजू (ही आत गेली तर भोक मोठं) आत गेली नाही, माल पास. असा दोन पाळ्यांचा माल. यात ऑपरेटरला मेमो देऊ नका हो, त्याने हातातल्या कागदाबरहुकूम काम केलं.

चूक जोडणीत होती. पार्ट नंबरखाली ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं ते), सेटअप शीट, गेज आणि सीएनसी प्रोग्राम एकत्र बांधलेले हवेत. ड्रॉइंग बदललं की बाकी चौघांवर काम आपोआप उघडावं आणि ती कामं बंद होईपर्यंत 04 लागू होऊच नये. प्रत्येक प्रिंटवर कॉपी क्रमांक आणि क्यूआर कोड हवा. जुनी प्रत परत येऊन स्कॅन झाल्याशिवाय नवी निघू नये. आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात ग्राहकाच्या बदलाच्या आढाव्याला 10 कामाचे दिवस धरलेत. तेवढे पुरतात, पण मास्टर लिस्ट आधी हाताने साफ केलेली असेल तरच. एकाच वर्क इन्स्ट्रक्शनच्या 'फायनल' आणि 'फायनल नवीन' अशा दोन्ही फायली आत ओतल्यात, तर सिस्टिम दोन्ही इमानेइतबारे जपेल.

प्रिंटचं बटणच काढून टाका, असं मी पूर्वी ठासून सांगायचो. ते चुकीचं होतं असं आजही वाटत नाही. पण तेलकट हातमोज्यांनी टॅबलेट चालत नाही, शेडच्या टोकाला वायफाय पोचत नाही, मग कुणीतरी स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. शिक्क्याचे कागद निदान मोजून परत मागता येतात. हे फोटो कुठल्याच डिस्ट्रिब्युशन लिस्टवर नसतात, आणि ते परत कसे मागवायचे, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.