‘यात रेडिओ कुठंय?’

महाप्याच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर भरायचे नवे फॉर्म तपासायला बाहेरची माणसं बोलावतो. माझं काम त्यांच्या शेजारी गप्प बसायचं. सुचवायचं नाही, मानही हलवायची नाही. ऐकायला सोपं वाटतं, तासाभरात जीव जातो.

त्या दिवशी कोपरखैरण्याचे एक काका होते. आरोग्य विम्याचा मराठी फॉर्म. पहिल्याच पानावर चष्मा कपाळावर गेला.

‘यात रेडिओ कुठंय?’

वर लिहिलं होतं, ‘खालीलपैकी एक रेडिओ बटण निवडा.’ भाषांतरवाल्यांनी शब्दाला शब्द ठेवला होता आणि मी तो तीनदा वाचून पास केला होता. नियम मोडून म्हटलं, ‘काका, पर्यायांपुढच्या त्या गोलांना रेडिओ बटण म्हणतात. जुन्या गाड्यांतल्या रेडिओवरून...’

पुढचं काकांनीच सांगितलं. 30 वर्षं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान! टेबलावर चार बोटं मांडली. ‘बटणांच्या मागे एक पट्टी असते. एक दाबलं की पट्टी सरकते, आधीच्याचा खटका सुटतो, ते टक्कन बाहेर. दोन एकदम आत राहतच नाहीत.’

कोडमध्ये ही पट्टी म्हणजे गटातल्या सगळ्या बटणांना दिलेलं एकच नाव. आमच्या एका हुशाराने ‘हो’ला एक आणि ‘नाही’ला दुसरं नाव दिलं होतं, तेव्हा एकाच माणसाला मधुमेह होताही आणि नव्हताही. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्याला सरळ ‘ऑप्शन बटण’ म्हटलं होतं, तरी आम्हा सगळ्यांच्या तोंडी रेडिओच.

‘वडिलांना हृदयविकार होता का?’ काकांनी ‘नाही’ दाबलं आणि थबकले. ‘ते गेले तेव्हा मी लहान होतो. थोरल्या बहिणीला विचारून भरतो. हे आता रिकामं कसं करायचं?’

होत नाही. ‘हो’वर जाता येतं, मागे नाही.

‘अगं, दुसरं बटण अर्धवट दाबायचं, सगळी बाहेर येतात.’ आणि त्यांनी खरंच ‘हो’वर नेऊन माउस हलकेच, अर्धाच दाबला. दोनदा.

सूचना मी दोन मिनिटांत बदलली : ‘एक पर्याय निवडा.’ ‘माहीत नाही’ हा तिसरा गोल मात्र मागून मागून थकले. ‘मग सगळे तोच दाबतील,’ असं आमच्या मॅनेजरचं म्हणणं. काकांच्या वडिलांपुढे टेस्ट डेटात अजून ‘नाही’च आहे.