रूपलची पाठ : नवलगड ते पुष्कर, घोड्यावरून सात दिवस

राजस्थानातल्या नवलगड ते पुष्कर हे अंतर गाडीने निम्म्या दिवसाचं आहे. या जानेवारीत आम्ही ते घोड्यावरून सात दिवसांत कापलं. शेतवाटा, वाळूचे ओढे आणि सांभर सरोवराचा काठ धरून एकूण २१० किलोमीटर. त्यातले १९६ माझ्या नावावर आहेत. उरलेले १४ कुठे गेले ते सविस्तर सांगते, कारण मागून जाणाऱ्यांना त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होईल.

आम्ही आठ स्वार होतो आणि घोडे अकरा, म्हणजे तीन राखीव. चार सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, एक पशुवैद्य, आणि तंबू व घोड्यांची चंदी वाहणारी जीप. सफरीच्या प्रमुखांना सगळे ‘हुकम’ म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. मला मिळाली रूपल, नऊ वर्षांची कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी अंगाची आणि काळ्या आयाळीची मारवाडी घोडी. मारवाडी घोड्याचे कान आतल्या बाजूला वळून टोकाला एकमेकांना भिडतात. खोगिरावरून पाहिलं की समोरची वाट त्या दोन टोकांच्या कमानीतून दिसते. आवाज आला की एक कान मागे, एक पुढे. दोन दिवसांत मला त्या कानांवरून कळायला लागलं की कुंपणापलीकडे नीलगाय आहे की कुत्रा.

आपल्याकडे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. अशा सफरीत आपण सगळे बारगीर असतो. घोडा दुसऱ्याचा आणि आपल्या हाती सोपवलेला. ही गोष्ट मला पहिल्या दिवशी माहीत होती, पण तिचा अर्थ कळला चौथ्या दिवशी.

पहिला दिवस २८ किलोमीटरचा, सोपा. शेखावाटीत, म्हणजे नवलगड-सीकरच्या या भागात, जानेवारीत मोहरी फुललेली असते आणि शेतांच्या बांधावर खेजडीची झाडं असतात. खेजडीपासून जपून राहा. काटेरी फांद्या नेमक्या स्वाराच्या तोंडाच्या उंचीवर येतात, आणि घोडा स्वतःपुरता वाकून निघून जातो. लांब बाह्यांचा जाड सुती सदरा आणि साधा पारदर्शक चष्मा जवळ हवाच. दुपारी एका जुन्या विहिरीवर थांबलो. इथल्या बऱ्याच विहिरींना चार कोपऱ्यांत चार उंच मनोरे असतात, त्यामुळे पाणी लांबूनच कळतं. बाजूला जनावरांसाठी हौद, त्याला तिकडे ‘खेळी’ म्हणतात. घोडे आधी प्यायले, मग आम्ही जीपमधलं पाणी प्यायलो. भूजल बऱ्याच ठिकाणी मचूळ आहे, तेव्हा माणसांचं पाणी बरोबरच ठेवावं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सीकरच्या अलीकडे वाळूची लांब, सरळ वाट लागली आणि हुकमनी घोडे सोडायला परवानगी दिली. वाट सोडायची नाही, बाजूची जमीन पोकळ आहे, हे त्यांनी निघताना दोनदा सांगितलं होतं. पुढच्यांची धूळ डोळ्यांत जाते म्हणून मी चार हात बाजूला गेले. त्या वाळूत उंदरांची बिळं असतात, जर्बिल म्हणतात त्या वाळवंटी उंदरांची. वरून जमीन सपाट दिसते. रूपलचा पुढचा पाय घोट्याच्या वरपर्यंत आत गेला, ती गुडघ्यावर आली, आणि मी तिच्या डाव्या खांद्यावरून थेट जमिनीवर. ती लगेच उठून उभी राहिली. मला मात्र श्वास आत घेता येईना.

सीकरमधल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला. डावीकडच्या आठव्या बरगडीला चीर गेली होती, हाड सरकलेलं नव्हतं. पोटाची सोनोग्राफीही केली, कारण डावीकडच्या खालच्या बरगड्यांना मार लागला की प्लीहेला धोका असतो. ती ठीक होती. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं आणि छातीला पट्टा बांधू नका म्हणून बजावलं. पूर्वी बांधत, आता बांधत नाहीत. पट्ट्याने श्वास उथळ होतो, फुप्फुसात कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. त्याऐवजी दर तासाला दहा खोल श्वास, दुखलं तरी. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. धाप वाढली, थुंकीत रक्त आलं, चक्कर आली किंवा डाव्या खांद्याच्या टोकाशी दुखायला लागलं, तर असेल तिथून दवाखाना गाठायचा. घोड्यावर बसू का, असं विचारल्यावर ते स्पष्ट ‘नाही’ म्हणाले. पुन्हा पडलात तर हीच चीर सरकून फुप्फुसाला लागू शकते, हेही त्यांनी सांगितलं. त्यांचं ‘नाही’ मी इथे जसंच्या तसं लिहिते आहे. मी पुढे गेले, म्हणून तुम्हीही जावं असं मी सुचवणार नाही.

त्या दिवशीचे उरलेले १४ किलोमीटर मी जीपमध्ये होते. मुक्काम हर्षच्या डोंगराच्या पायथ्याशी होता. वर हर्षनाथाच्या दहाव्या शतकातल्या देवळाचे अवशेष आहेत. बाकीचे पाहायला गेले, मी तंबूत तीन उशांना टेकून बसले. बरगडी दुखत असताना आडवं झोपता येत नाही. शेखावाटीतल्या जानेवारीच्या रात्री हाडं गोठवणाऱ्या असतात, आणि थंडीने कुडकुडलं की बरगडी आणखी दुखते. गरम पाण्याची रबरी पिशवी आणली होती म्हणून निभावलं. सामानातली एकच गोष्ट सांगायची तर मी तीच सांगेन.

पहाटे हुकम आले. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि मग रूपलला माझ्यासमोर हातात धरून पळवून दाखवलं. पाय स्वच्छ पडत होता. ते म्हणाले, घोडी ठीक आहे, आता तुमचं तुम्ही ठरवा, पण माझ्या अटी आहेत. भरधाव अजिबात नाही. छातीचं संरक्षक जाकीट दिवसभर अंगात. जीप कायम दहा मिनिटांच्या अंतरावर. आणि संध्याकाळी तुमच्याआधी घोडीची पाठ बघणार, ती लागलेली दिसली तर तुम्ही खाली. मी सगळ्याला हो म्हटलं. शेवटची अट तेव्हा मला सगळ्यात हलकी वाटली होती.

मला तारलं ते रूपलच्या चालीने. मारवाडी घोड्यांपैकी काहींना ‘रेवाल’ चाल असते. दुडकीत घोड्याचे तिरके पाय, म्हणजे एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा, जोडीने पडतात आणि स्वाराला प्रत्येक पावलाला उसळी बसते. रेवालमध्ये एका बाजूचे पाय जवळजवळ बरोबर पुढे जातात. पाठ वरखाली न होता नुसती डुलते, आणि वेग मात्र दुडकीइतकाच. दुडकीची चार पावलं टाकून पाहिली तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. रेवालमध्ये तासभर बसू शकले. ही चाल प्रत्येक घोड्याला नसते, म्हणून नोंदणी करतानाच विचारा. कंबर किंवा गुडघे आधीपासून कुरकुरत असतील तर नक्कीच.

चढणं ही वेगळीच कसरत होती. नेहमी आपण डावीकडून, डाव्या हाताने आयाळ धरून वर जातो. ते अशक्य होतं. सईसकाकांनी रूपलला खेळीच्या कट्ट्याला लावून उभं केलं आणि मी उजवीकडून चढले. रूपलला दोन्ही बाजूंची सवय होती. तुमच्या घोड्याला आहे का, हे धडधाकट असतानाच एकदा पाहून ठेवा. मोडल्या अंगाने ते शिकवत बसता येत नाही.

तिसऱ्या दिवशी जीणमातेवरून दांता, ३४ किलोमीटर. त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही. देवीला हात जोडले आणि पुढे श्वास मोजत राहिले.

चौथा दिवस, १३ जानेवारी, भोगी. दांत्याहून सांभर सरोवराच्या काठी, नावां गावाच्या बाजूला, ३८ किलोमीटर. दुपारी एका ढाणीवर, म्हणजे शेतातल्या छोट्या वस्तीवर, बाजरीची रोटी, लसणाची चटणी आणि केर-सांगरी मिळाली. भोगीला बाजरीची भाकरी पोटात गेली म्हणून मला फार बरं वाटलं. संध्याकाळी सरोवर दिसलं. देशातलं हे सगळ्यात मोठं खाऱ्या पाण्याचं अंतर्गत सरोवर. काठाशी मिठागरं, पांढरी कड, आणि लांब पाण्यात फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. पडल्यापासून मी पहिल्यांदा दुखणं विसरले.

खोगीर उतरल्यावर सईसकाकांनी नेहमीप्रमाणे रूपलच्या पाठीवर तळहात फिरवला. बोटं नाही, पूर्ण तळवा, सपाट, मानेच्या बुडापासून कमरेपर्यंत, सावकाश. डावीकडे काही नाही. उजवीकडे, खोगिराची पुढची कड येते तिथे, त्यांचा हात थांबला. त्यांनी जरासा दाब दिला आणि रूपलची पाठ हाताखालून खाली गेली. कातडी थरथरली, कान मागे गेले. काकांनी माझा हात धरून तिथे ठेवला. अर्ध्या लिंबाएवढी सूज होती, आणि आजूबाजूपेक्षा ती जागा गरम होती.

“बाईसा, आप टेढे बैठ रहे हो,” ते म्हणाले. “दर्द आपका है, बोझ इसका.”

डावी बरगडी वाचवायला मी दोन दिवस नकळत उजवीकडे कलून बसले होते. माझ्या मते माझी मांड सरळ होती. खोगीर रोज बोटभर उजवीकडे सरकत होतं आणि सगळा भार त्या एका जागेवर येत होता. हूं का चूं न करता ती ३४ आणि ३८ किलोमीटर चालली होती. त्या रात्री मला बरगडीने जागं ठेवलं नाही.

एंड्युरन्सच्या, म्हणजे घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींमध्ये शेवटची रेघ ओलांडणं पुरेसं नसतं. त्यानंतरही पशुवैद्य घोडा तपासतात आणि तो आणखी चालायला तंदुरुस्त असेल तरच ती दौड पूर्ण धरतात. नाडी ठरलेल्या वेळात मिनिटाला ६४ किंवा त्याखाली यावी लागते, आणि लंगडणं किंवा पाठीची जखम दिसली तर बाद. आमची शर्यत नव्हती, तरी आमचे पशुवैद्य दर मुक्कामाला तेच पाहत: नाडी, हिरडीवर बोट दाबल्यावर दोन सेकंदांत रंग परततो का, खांद्याजवळची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच बसते का, पोटातली गुडगुड ऐकू येते का. हे चारही तुम्हाला एका सकाळीत शिकता येतं. शिकून घ्या आणि रोज स्वतः करा, सईस असले तरी.

संक्रांतीच्या सकाळी रूपलच्या पाठीवर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि ती मोकळ्या पाठीने सईसांबरोबर निघाली. मला बादल मिळाला, सफेद, शांत, पण रेवाल नसलेला. म्हणून मी बहुतेक वाट त्याला साध्या चालीवर ठेवलं आणि दर तासाला दहा-पंधरा मिनिटं उतरून बरोबर चालले. हे चालणं मी पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. घोड्याची पाठ मोकळी होते, आपले गुडघेही. तासातासाला एका स्वाराला मागे ठेवून माझी बैठक बघायला सांगत होते. तिने ‘उजवीकडे’ म्हटलं की सावरायचं. आरसा नसताना हाच उपाय.

राजस्थानात संक्रांतीला पतंग उडतात, आणि घोड्यावरच्या माणसाचा गळा मांज्याच्या उंचीवर असतो. आम्ही गावं टाळून गेलो, तरी एका वस्तीजवळ तुटलेला मांजा बाभळीत अडकून वाटेवर आडवा ताणलेला होता. पुढच्या सईसाला उन्हात चमक दिसली म्हणून थांबलो. या तारखांना जाणार असाल तर गळ्याला जाड मफलर बांधा, घोड्याच्या तोंडापुढेही लक्ष ठेवा. शक्य असेल तर त्या आठवड्यात जाऊच नका. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी एवढा मोठा हंगाम आहे.

पाचव्या दिवशी रूपनगढला पोचलो, सहाव्या दिवशी आणखी ३० किलोमीटर. त्या संध्याकाळी रूपलची सूज पूर्ण बसली होती. हुकम म्हणाले, उद्या शेवटचे १८ आहेत, तुमच्या घोडीवर या. मनापासून इच्छा होती. पण बरगडी तशीच होती, म्हणजे मी कलणारच होते. मी बादलवरच बसले.

जायचं ठरवलंत तर या काही गोष्टी. नवलगड सीकर-झुंझुनू रेल्वेमार्गावर आहे. पुण्या-मुंबईहून जयपूर गाठून पुढे गाडी किंवा रस्ता सोपा पडतो. परतीला पुष्करहून अजमेर अगदी जवळ, तिथून गाड्या भरपूर. प्रवास विमा घेताना घोडेस्वारी वगळलेली नाही ना, ते बारीक अक्षरात वाचा. राखीव घोडे किती आणि पशुवैद्य पूर्ण वाट बरोबर आहे का, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी सफर शोधा. वजनाची मर्यादा विचारतात तेव्हा खरं वजन सांगा, ते कोणाच्या तरी पाठीवर बसणार आहे. सरावाला आठवड्यातून एकदा तासभर बसणं पुरत नाही. सलग दोन दिवस तीन-तीन तास बसून पाहा. दुसऱ्या दिवशी तुम्ही कुठल्या बाजूला कलता, ते कोणाला तरी बघायला सांगा. दुखापत नसतानाही प्रत्येकाची एक बाजू असतेच.

सातव्या दिवशी पुष्करजवळचा नाग पहाड दिसू लागला आणि मी उतरले. बादलचा लगाम सईसाकडे दिला आणि रूपलचा मागून घेतला. शेवटचे दोन किलोमीटर आम्ही दोघी वाळूतून पायी आलो. तंबूपाशी काकांनी तिच्यापुढे चंदी ठेवली आणि माझ्याकडे पाहून बाजूला झाले. मी तळवा सपाट ठेवला, मानेच्या बुडापासून निघाले, उजव्या कडेशी आले, थांबले, दाब दिला. रूपल चंदी चावत राहिली.