बाळाच्या गालावरची चिकटपट्टी आणि स्टोअरचा फॉर्म

एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) डॉक्टरांबद्दल किंवा सिस्टरांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या स्टोअरबद्दल. लेक आता घरी आहे, दूध पितेय, वजन धरतेय. तरी तिच्या चिकटपट्ट्या सोडवायच्या वाइपसाठी भरलेला तो फॉर्म आठवला की आजही डोकं तापतं.

ती 29व्या आठवड्यात झाली, वजन 1100 ग्रॅम. साताऱ्याहून तिला पुण्याला हलवलं. नाकाला सीपॅप (श्वासासाठी दाबाने हवा देणारं यंत्र), तोंडातून दुधाची नळी, हाताला सलाइन, छातीवर इलेक्ट्रोड, पायाला ऑक्सिजन मोजायचा प्रोब. त्यातलं बरंचसं चिकटपट्ट्यांवर धरलेलं. पुण्याला पोहोचल्यावर नळी बदलायची म्हणून गालावरची डायनाप्लास्टची पट्टी काढली, तर तिच्याबरोबर वरची कातडीही आली. खाली लालभडक, ओलसर चट्टा. नखाएवढाच होता, पण तिचा गालही केवढासा!

राउंडला डॉक्टर मॅडमनी नीट समजावून सांगितलं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात 10 ते 20 पदर असतात, 30 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला जेमतेम 2-3. शिवाय वरची कातडी खालच्या कातडीला धरून ठेवणारे धागे कमी आणि विरळ असतात. त्यामुळे पट्टी कातडीला जितकी घट्ट धरते, तितकी कातडी स्वतःला धरत नाही. ओढलं की सोलून निघते, मग तिथून अंगातलं पाणी उडतं आणि जंतूंना वाट मिळते. स्पिरिटने पट्टी सोडवायची नाही, असं त्यांनी बजावलं. अशा कातडीला स्पिरिटने भाजल्यासारखी इजा होऊ शकते आणि ते अंगात शोषलंही जातं. सिलिकॉनचे रिमूव्हर वाइप (पट्टी सोडवायचे ओले फडके) मिळाले तर उत्तम, म्हणाल्या. त्यात अल्कोहोल नसतं, पट्टीचा गोंद सुटतो आणि कातडीवर तेलकटपणा राहत नाही, म्हणजे नवी पट्टी तिथेच बसते.

आता खरी कथा. इन्चार्ज सिस्टरनी स्टोअरला इंडेंट (मागणीपत्र) पाठवला. उत्तर आलं, ही वस्तू यादीत नाही. म्हटलं, मी बाहेरून आणतो. तर बाहेरचं सामान एनआयसीयूत चालत नाही. मग चालण्यासाठी काय करायचं? यादीबाहेरच्या वस्तूचा फॉर्म भरा. फॉर्म कुठे? खरेदी विभागात. खरेदी विभाग म्हणाला, आधी डॉक्टरांची सही आणा. सही आणली, तर संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरची राहिली. त्या दिवशी त्या रजेवर. बायको सिझेरियनच्या टाक्यांसकट वॉर्डात, मी जिन्यावरून वर-खाली, आणि वर बाळाच्या पट्ट्या तर बदलाव्या लागणारच होत्या.

सगळ्या सह्या झाल्यावर फॉर्म स्टोअरला दिला. तो परतही आला आणि वर लिहिलेलं, ‘नामंजूर’. का, म्हणून नीट पाहिलं. फॉर्मवर एक रकाना होता: ‘पर्यायी वस्तू उपलब्ध आहे का?’ त्यात स्टोअरच्या माणसाने निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘हो. स्पिरिट.’ जे बाळाला लावू नका म्हणून मॅडमनी बजावलं, तेच पर्याय म्हणून! तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकीशी जाऊन म्हटलं, “अहो, हे कुठल्या बाळासाठी आहे ते तरी वाचलंत का?” तो म्हणाला, “साहेब, आमच्याकडे पट्टी काढायला स्पिरिटच जातं, सगळ्या वॉर्डांना तेच.” त्याला दोष देऊन उपयोग नव्हता. त्या फॉर्मवर बाळाचं वय, आठवडे, वजन लिहायला जागाच नव्हती. शेवटी मॅडमनी स्वतः तो रकाना खोडला, शेजारी लिहिलं, ‘29 आठवडे, अल्कोहोल निषिद्ध’ आणि सही ठोकली. त्याच दिवशी मंजूर झाला. म्हणून सांगतो, फॉर्म खाली नेण्याआधी ही ओळ डॉक्टरांकडून लिहून घ्या. विनंतीपत्र वगैरे जोडू नका, ते कोणी वाचत नाही.

वाइप मिळाले सदाशिव पेठेतल्या औषधांच्या घाऊक दुकानांतून, तेही बेबी सेक्शनमध्ये नाही. पोटावर स्टोमाची (शौच-लघवीसाठी पोटावर केलेल्या वाटेची) पिशवी लावणाऱ्या पेशंटसाठी ते येतात, त्यामुळे स्टोमाचं सामान म्हणूनच विचारा. खोक्यावर सिलिकॉन आणि अल्कोहोलविरहित हे दोन्ही आहे ना ते बघा, प्रत्येक वाइप वेगळ्या बंद पाकिटातला आणि निर्जंतुक घ्या, आणि वापरण्याआधी डॉक्टरांना दाखवा. स्प्रे घेऊ नका, काचपेटीत फवारा मारायचा नसतो. आमच्या पॉलिसीत हा खर्च बसला नाही. बिल मात्र जपून ठेवा.

तोवर इन्चार्ज सिस्टरनी काय केलं ते बघायला मिळालं, हे माझं भाग्य. कोमट निर्जंतुक पाण्यात कापसाचा बोळा भिजवायचा, पट्टीच्या कडेवर टेकवून थांबायचं. मग कड दुमडून स्वतःवरच उलटी, कातडीला समांतर, कणाकणाने मागे न्यायची. दुसऱ्या हाताचं बोट सतत कातडीवर, जिथे पट्टी सुटतेय अगदी तिथे. वर उचलायचं नाही. सलाइनवरची पारदर्शक पट्टी त्यांनी आडवी ताणून सोडवली. एका पट्टीला इतका वेळ लागला की दारातून बघताना माझेच हात भरून आले, पण गालावर साधा लाल ओरखडाही उठला नाही.

नंतर त्यांनी गालावर आधी हायड्रोकोलॉइडचा (कातडी जपणाऱ्या मऊ ड्रेसिंगचा) तुकडा लावला आणि नळीची पट्टी त्यावर चिकटवली, म्हणजे दरवेळी कातडीला हात लागत नाही. पायाच्या प्रोबला स्वतःलाच चिकटणारं बँडेज सैलसर गुंडाळलं. पट्टी लावून एक दिवस तरी झाल्याशिवाय शक्यतो काढायचीच नाही, गोंद हळूहळू ढिला पडतो. आणि ती घट्ट बसावी म्हणून खाली टिंक्चर बेंझॉइन हे चिकट औषध कोणी लावू लागलं तर लगेच डॉक्टरांना विचारा.

सिलिकॉनची मऊ टेपही मिळते, पण श्वासाच्या नळीला तीच लावा असा हट्ट धरू नका. ती कमी धरते, आणि नळी सरकणं कातडी जाण्यापेक्षा भयंकर. आईने घरून खोबरेल तेल आणलं होतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू दिलं नाही. तेलावर पट्टी टिकत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी सगळे घाईत असतात. छातीवरचे शेवटचे इलेक्ट्रोड तेव्हाच झटक्यात ओढले जातात. बिल भरून झालं, गाडी खाली उभी आहे, तरी ते वाइपनेच काढून घ्या. आम्ही थांबलो होतो, आणि सिस्टरनीही कुरकुर न करता काढून दिले.