बारा कार्षापणांचे चीवर

नोकरीची बरीच वर्षे मी बँकेत मुदत ठेवींच्या टेबलावर काढली. त्यामुळे नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात उभा राहून मी जेव्हा उषवदाताच्या लेखाचे वाचन आणि भाषांतर असलेला कागद पहिल्यांदा डोळ्यांखालून घातला, तेव्हा मला बुद्ध आठवला नाही, सम्राट अशोकही आठवला नाही. आठवला तो आमच्या शाखेतला ठेवीचा अर्ज. रक्कम, ती कोणाकडे ठेवली, व्याजाचा दर, व्याज कोणाला द्यायचे, मुद्दल कधी काढायचे आणि ही नोंद कोठे केली, असे सगळे रकाने त्या दगडावर भरलेले होते. शाळेच्या सहलीत आम्हांला येथे आणले होते, तेव्हा ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली असे सांगण्यात आले होते. पांडवांचे नाव डोंगराला मागाहून चिकटले. लेखांत डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ म्हणजे त्रिरश्मी असे येते आणि आज अनेक जण पुन्हा तेच नाव वापरू लागले आहेत, याचा मला आनंद वाटतो.

उषवदात हा क्षहरात घराण्यातला क्षत्रप (प्रांताधिपती) नहपान याचा जावई. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. लेखावर वर्ष ४२ आणि महिना वैशाख असा आहे. त्याने हे लेणे ‘चातुदिस’ म्हणजे चारही दिशांच्या संघाला दिले आणि सोबत ३,००० कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, ‘अखयनिवि’ ठेवली. अक्षयनीवी म्हणजे जिचे मुद्दल कधीच खर्च होत नाही अशी ठेव. ही रक्कम गोवर्धनात, म्हणजे नाशिकजवळच्या तेव्हाच्या पेठेत, राहणाऱ्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, गुंतवली. विणकरांच्या एका संघटनेकडे, लेखातल्या शब्दांत ‘कोलिकनिकाये’, २,००० ठेवले. त्यावर व्याज ‘पडिक शत’, म्हणजे शेकडा दरमहा एक. दुसऱ्या कोलिकनिकायाकडे १,००० ठेवले. त्यावर व्याज ‘पायून पडिक शत’. हा ‘पायून’ वाचला आणि मी तेथेच थबकलो. पाऊण टक्का! जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर आपली पाऊणकी जशीच्या तशी बसलेली होती. पुढचे वाक्य तर कोणत्याही बँकेने आपल्या पावतीवर छापावे असे आहे: ‘एते च काहापणा अपडिदातवा वढिभोजा.’ हे कार्षापण परत द्यायचे नाहीत, त्यांची फक्त वाढ उपभोगायची.

ती वाढ कोणासाठी, हेही लेखात स्पष्ट आहे. या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्खूच्या वस्त्रासाठी, द्यायचे. मी सवयीने कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला २४०. आणि वीस भिक्खू गुणिले बारा, तेही २४०. एक कार्षापणही इकडेतिकडे होत नाही. उरलेल्या हजारावर पाऊण टक्क्याने वर्षाला ९० होतात आणि ते ‘कुशणमूल’ नावाच्या खर्चासाठी आहेत. या शब्दाच्या अर्थावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण चीवर सोडून होणारा किरकोळ खर्च असा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो. याखेरीज चिखलपद्र गावातली नारळाची ८,००० झाडे दिली आहेत. शेवटी हे सगळे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवले आणि फलकावर नोंदवले, असे म्हटले आहे. म्हणजे ठेवीला साक्षीदारही होते आणि तिची नोंदही होती.

आता प्रश्न असा पडतो की, घरदार सोडून निघालेल्या माणसांना मुदत ठेव कशाला हवी? याचे उत्तर पावसात आहे. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, वर्षावासाच्या नियमाची कथा येते, ती मला फार आवडते, कारण तिच्यात कोणताही साक्षात्कार नाही, फक्त लोकांची कुरकुर आहे. भिक्खू उन्हाळा, हिवाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू हिंडत राहत. लोक म्हणू लागले की हे शाक्यपुत्रीय श्रमण कोवळे हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात. इतर पंथांचे लोकसुद्धा पावसाळ्यात एका जागी बसतात, एवढेच काय, पक्षीही झाडाच्या शेंड्यावर घरटे बांधून थांबतात. ही तक्रार बुद्धाच्या कानावर गेली आणि त्याने पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वर्षावास सुरू होतो, तो तीन महिने चालतो आणि त्याच्या अखेरीस प्रवारणेचा विधी होतो. त्या दिवशी प्रत्येक भिक्खू संघापुढे म्हणतो की, माझ्याकडून काही चुकल्याचे तुम्ही पाहिले, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर मला सांगा. तीन महिने एका छपराखाली काढल्यावर असे विचारणे सोपे नसते, हे ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले आहेत त्यांना सांगायला नको.

एका जागी राहायचे म्हणजे जागा आली आणि जागा कोणाची हा वादही आला. त्यावरचा तोडगा विनयाच्या चुल्लवग्गात आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने, म्हणजे धनिक व्यापाऱ्याने, एका दिवसात साठ विहार बांधले आणि त्यांचे काय करू असे बुद्धाला विचारले. ते आलेल्या आणि पुढे येणाऱ्या, चारही दिशांच्या संघाच्या नावे कर, असे उत्तर मिळाले. भिक्खूंना कोणत्या निवाऱ्यात राहता येईल हे सांगताना पालीत जो शब्द येतो तो ‘लेण’. आपले लेणे ते हेच. दागिन्याच्या लेण्याशी त्याचे नाते जोडून ‘सह्याद्रीच्या अंगावरची लेणी’ असे लिहिण्याचा मोह पुष्कळांना होतो, मलाही झालेला आहे. पण मूळ अर्थ साधा आहे, निवारा. कार्ल्याच्या एका लेखात याच उषवदाताने करजिक नावाचे गाव वलूरक, म्हणजे कार्ले, येथील ‘लेणवासी’ प्रव्रजितांच्या (भिक्खूंच्या) निर्वाहासाठी दिल्याची नोंद आहे आणि तेथेही उल्लेख वर्षावासाचाच आहे.

‘चारही दिशांचा संघ’ ही मला या धर्माच्या प्रसाराची खरी किल्ली वाटते. एका गावात बांधलेली खोली त्या गावच्या भिक्खूच्या मालकीची नसते. ती सोपाऱ्याहून आलेल्याची असते, उज्जैनहून आलेल्याची असते आणि अजून न जन्मलेल्याचीही असते. अशी व्यवस्था असली की माणूस निःशंकपणे चालू लागतो. अशोकाच्या काळात मोग्गलिपुत्त तिस्साने देशोदेशी थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू पाठवले, त्यांत महाधम्मरक्खिताला महारट्ठात आणि योनक म्हणजे यवन (ग्रीक) धम्मरक्खिताला अपरांतात, म्हणजे कोकण किनाऱ्याकडे, धाडले, असे सिंहली इतिवृत्तात आहे. नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तेव्हा अपरांताशी असलेले नाते दगडावरही दिसले. पण धर्म पुढे नेला तो घाटवाटांनी. भाजे, कार्ले आणि बेडसे बोरघाटाच्या वाटेवर, जुन्नर नाणेघाटाच्या माथ्याशी, नाशिक थळघाटाच्या वाटेवर, कान्हेरी बंदरांच्या जवळ. नकाशावर ठिपके टाकून पाहावे, व्यापाऱ्यांचा रस्ता आपोआप उमटतो.

आणि देणारे कोण होते? लेणी राजांनी कोरली असे आपण सहज बोलून जातो. कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन खांबांवरची नावे पाहिली की तसे म्हणवत नाही. जंबुद्वीपातले उत्तम असे हे शैलगृह वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने पुरे केल्याचा लेख तेथे आहे. पण खांब असो वा दार, एकेका भागाचा दाता वेगळा आहे. धेनुकाकट नावाच्या ठिकाणचे यवन आहेत, तेथलाच दार देणारा सिंहदत्त नावाचा गंधी म्हणजे अत्तरवाला आहे, दार घडवणारा सामी नावाचा सुतार आहे आणि असाढमिता नावाची भिक्खुणीही आहे. जिने सर्वस्व सोडले तिने दान कशातून दिले असेल, हे कोडे मला अजून पुरते सुटलेले नाही. आज त्याच चैत्याच्या दाराशी आई एकवीरेचे मंदिर आहे आणि कोळी-आगरी भाविकांच्या गर्दीतून वाट काढत आत जावे लागते. आत आल्यावर वर पाहावे: छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरचे लाकडी छत्र मूळचे आहे, दगडात नक्कल केलेले नव्हे.

जुन्नरच्या लेखांत धान्य विकणाऱ्यांची श्रेणी सात खोल्यांचे लेणे आणि एक ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके देते, तर इरिल नावाचा यवन ‘बे पोढियो’, दोन टाकी, देतो. पाण्याचे टाके हे दान मूर्तीसारखे डोळ्यांत भरत नाही, पण सह्याद्रीच्या कड्यावर मार्च-एप्रिलमध्ये ज्याने तहान अनुभवली आहे त्याला त्याची किंमत कळेल.

नाशिकलाच परत येतो, कारण तेथला पुढचा भाग मला ठेवीपेक्षाही रंजक वाटतो. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा ठोकलेला आहे. राज्य बुडाले, नाणे बदलले. पण तिसऱ्या लेण्यातल्या लेखात हाच गौतमीपुत्र, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे (निवर्तन हे जमिनीचे माप) शेत, येथल्याच भिक्खूंना देतो. सहा वर्षांनी त्याचा आणि राजमातेचा दुसरा आदेश निघतो, कारण ते शेत कोणी कसत नव्हते. ‘सो च गामो न वसति’: तो गावच वसत नाही, ओस पडला आहे. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातले १०० निवर्तन द्यावे, असा हुकूम आहे. कागदावर दान आणि जमिनीवर काहीच नाही, हा अनुभव आपल्या सरकारी कचेऱ्यांत खेटे घातलेल्या कोणालाही नवा नाही. येथे विशेष एवढेच की तक्रारीची दखल घेतली गेली.

या दात्यांना ‘बौद्ध राजे’ म्हणण्याची घाई मात्र करू नये. उषवदाताने देवांना आणि ब्राह्मणांना तीन लाख गायी व सोळा गावे दिल्याचे त्याच्या दहाव्या लेण्यातच कोरले आहे. गौतमीपुत्राची आई बलश्री आपल्या मुलाला ‘एकबम्हण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणते आणि ज्या लेखात म्हणते तो लेख भद्रायणीय पंथाच्या भिक्खूंना लेणे दिल्याचा आहे. आजच्या रकान्यांत ही माणसे बसत नाहीत. दहाव्या लेण्याच्या व्हरांड्याच्या टोकाला नहपानाच्या मुलीने, म्हणजे उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने, दिलेली एक खोली आहे; दारावरच्या लेखात त्या खोलीला ‘ओवरको’ म्हटले आहे. देवळाची ओवरी आपण म्हणतो, ती हीच.

माझी एक शंका मात्र आहे आणि ती केवळ शंका म्हणूनच घ्यावी. भिक्खूने सोन्या-चांदीला हात लावू नये असा नियम आहे आणि बुद्धानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीच्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या धर्मसभेत, ज्या दहा गोष्टींवरून वाद पेटला, त्यांत सोने-चांदी स्वीकारणे ही एक होती. अशा परिस्थितीत चीवराची ठेव नेमकी विणकरांकडेच का ठेवली असावी? व्याज रोखीने न देता कापडानेच दिले जात असेल तर नियमही पाळला जातो आणि कोष्ट्यालाही बारमाही गिऱ्हाईक मिळते. लेखात तसे म्हटलेले नाही. पण ठेवींच्या टेबलावर बसलेल्या माणसाला अशा गोष्टी सुचतात.

गेल्या वर्षी आमचे जुने कॅशियर, जे आता त्यांच्या वस्तीतल्या विहाराचे हिशेब पाहतात, मला चीवरदानाच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी कॅशियरसाहेबांचे वडील तेथे होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत त्या विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाले होते. वाचणारी मुलगी अकरावीतली होती आणि अवघड पाली नावांशी अडखळली की समोरच्या आजीबाई तिला सांभाळून घेत. मग पिवळसर केशरी कापडाच्या घड्या ताटांत ठेवून भिक्खूंपुढे आणल्या गेल्या. एका कार्यकर्त्याने ध्वनिक्षेपकावरून दात्यांची नावे आणि रकमा वाचून दाखवल्या, दुसरा त्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहीत होता. श्रावित आणि फलकावर निबद्ध, माझ्या मनात आले.

मी पाकीट पुढे केले. कॅशियरसाहेबांनी पावतीपुस्तक उघडले, नाव लिहिले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, “साहेब, हे यंदाच्या चीवराच्या खर्चात धरू, की विहाराच्या ठेवीत टाकू?”

“ठेवीत टाका,” मी म्हणालो. “मुद्दलाला हात लावू नका.”